नुसतं बघून येतो

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मी एक जुनं कुलूप आहे, आणि ओळखपाळख नसताना कोणी अंगाला हात लावलेला मला खपत नाही. हं, आता बसा. थोडं लांबच बसा. कोणाच्या खिशात तार किंवा केसांची पिन नाही ना? नसेलच, पण विचारलेलं बरं.

संशय माझ्या स्वभावातच आहे, आणि त्याला कारण आहे. कारखान्यात पितळेचा रस साच्यात ओतून मला घडवलं, कानशीनं घासलं, पोटात सात पट्ट्या बसवल्या. मग एका तपासनिसानं माझ्या भोकात एकामागून एक शंभर खोट्या किल्ल्या घालून फिरवल्या. जन्माच्या पहिल्याच दिवशी शंभर जणांनी फसवायला बघितलं, तर तुमचा तरी जगावर विश्वास बसला असता का? माझा बसला नाही. शंभरही किल्ल्या हात हलवत परत गेल्या. तपासनिसानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या दोन खऱ्या किल्ल्या माझ्या गळ्यात बांधल्या. कौतुकाचा तेवढा एकच क्षण मला नीट आठवतो.

हल्ली मी दारामागच्या खिळ्याला लटकलेला असतो. दाराला नवं कुलूप आलंय, आकड्यांची बटणं असलेलं. चार आकडे दाबले की कोणालाही आत सोडतं. न चेहरा बघायचा, न हात ओळखायचा. असो. आपण कोणाच्या पाठीमागे बोलू नये, आणि मी तर त्याच्या अगदी पाठीमागेच आहे.

तर मी बावीस वर्षं राखण केली ती एका दातांच्या कारखान्याची. पहिला मजला, अरुंद जिना, दोन खोल्या. दातांच्या डॉक्टरांकडून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यावरून इथे प्लास्टरचे जबडे बनायचे, जबड्यांवर मेणाच्या हिरड्या आणि हिरड्यांत ओळीनं दात बसायचे. मग ते शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं आणि नाव लिहिलेल्या डबीत घालून परत पाठवायचं. कवळी म्हणतात त्याला. दिवसा दार उघडं असायचं आणि मी कोयंड्याला लटकून आतलं सगळं बघायचो. पहिल्याच दिवशी आत नजर टाकली, तर फळीवरचे चाळीस जबडे माझ्याकडे बघून हसत होते. कारण नसताना हसणाऱ्यांवर माझा आधीच विश्वास नाही.

कारखाना डॉक्टरबाईंचा. पण कवळ्या करायचे ते मास्तर. आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनीच शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या हातची कवळी घालून आजीबाई सफरचंद कडाकडा खायच्या आणि मुद्दाम जिना चढून दाखवायला यायच्या. मास्तर त्यांच्या तोंडात वाकून बघायचे आणि म्हणायचे, "डावीकडची दाढ केसभर उंच राहिलीय. काढा, घासून देतो." आजीबाई म्हणायच्या, "अहो, मला काही होत नाही!" पण मास्तरांना व्हायचं ना.

संध्याकाळी सहाला मला लावायचे तेही तसंच. कडी दाबायचे, किल्ली फिरवायचे आणि तीनदा ओढून बघायचे. खट, खट, खट. मग पाच पायऱ्या उतरायचे, परत वर यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. साडेसातच्या सुमाराला बायकोबरोबर फिरायला निघाले की तिला खाली जिन्यापाशी उभं करायचे, "नुसतं बघून येतो," म्हणायचे आणि पाचव्यांदा ओढायचे. आधी मला अपमान वाटायचा. मग वाटलं, ह्या माणसाचाही जगावर भरवसा नाही, हा आपल्यातलाच. आमचं छान जमलं.

सहा वर्षांपूर्वी शिट्टीताई आल्या. हे नाव त्यांना मीच दिलं. काम संपलं की ह्या बाई शिट्टी वाजवत जिना उतरायच्या! डॉक्टरबाईंनी माझी दुसरी किल्ली त्यांना दिली आणि नियम केला: एक आठवडा कुलूप मास्तरांचं, एक आठवडा ताईंचं. ज्याचा आठवडा त्यानंच उघडायचं, त्यानंच लावायचं. दुसऱ्यानं आपली किल्ली बाहेर काढायची नाही.

ताई मला एकदाच ओढायच्या. फक्त एकदा! म्हणजे ह्यांना कारखान्याची काळजी नाही, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं. पुढे पुढे तर माझा संशय वाढतच गेला. सहाला दहा मिनिटं असताना ताई हातातलं काम ठेवायच्या, अर्धे राहिलेले जबडे ओळीत मांडायच्या आणि प्रत्येकाखाली कागदाची एक चिठ्ठी सरकवायच्या. चिठ्ठीत काय लिहायच्या, कोणासाठी लिहायच्या? मग नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. आता तुम्हीच सांगा, इतके घासून हात कोण धुतं? ज्याला काही लपवायचंय तोच ना?

मास्तर हात धुवायचे नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळीवर प्लास्टर असायचं, बाहीवर मेण असायचं, आणि खिशात रुमालात गुंडाळलेला एखादा जबडा असायचा. घरी बसून बघायला. ह्याला म्हणतात कामाची कळकळ, असं मी मनात म्हणायचो.

डॉक्टरबाई सकाळी आलेले ठसे दोघांच्या टेबलांवर एक इकडे, एक तिकडे असे पत्त्यांसारखे वाटायच्या. तरी मास्तरांना वाटायला लागलं की ताईंना सोपी सोपी कामं मिळतात.

"ताईंच्या वाटणीला बघा कसे सरळ जबडे येतात," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "वाकडेतिकडे सगळे माझ्या नशिबी."

"मास्तर, मी न बघता वाटते हो."

"न बघताच कसं बरोबर होतं, हेच तर म्हणतोय मी!"

त्यांचं बरोबरच असणार, असं मला वाटलं. आम्ही दोघंही ताईंवर नजर ठेवून होतो. ते आत, मी दारात.

पण मित्रांनो, मास्तर सुकत चालले होते. डोळ्यांखाली काळं आलं. सकाळी मला उघडताना त्यांची किल्ली दोनदा भोकाबाहेर जायची. एकदा मास्तरीणबाई डबा द्यायला वर आल्या आणि दारातच डॉक्टरबाईंना धरून बोलल्या.

"काल जेवताना ह्यांनी ताटाशेजारी जबडा मांडून ठेवला होता. आमची नात बसली की त्याला घास भरवायला! अख्खा वरणभात दातांत. मी हसले, पोर हसली. हे मात्र उठून हात न धुता घासायला बसले. पोर मला विचारते, आजोबा घरी कधी येणार? आणि हे समोर बसलेले!"

डॉक्टरबाईंना हसावं की रडावं ते कळेना. त्याच आठवड्यात मास्तरांनी राजीनाम्याचा अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला.

"झेपत नाही आता बाई. काम दुप्पट झालंय. पूर्वी मला ह्यात सुख होतं. आता सकाळी जिना चढताना छातीत धडधडतं."

"मास्तर, काम तेवढंच आहे. आणि तुम्ही गेलात तर घरी काय करणार? हात शांत राहतील तुमचे?"

"नाही राहणार," मास्तर म्हणाले. "पण हे असं मरण्यापेक्षा बरं."

"महिनाभर थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्ज माझ्या खणात ठेवते. महिन्यानं विचारीन." बावीस वर्षं दाताला दात जोडणारा माणूस जाणार, ह्या विचारानं मला अगदी गंज चढल्यासारखं झालं. आणि ह्याला कारण ती शिट्टी, असं मी ठरवूनही टाकलं.

पुढच्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. आठवडा ताईंचा होता. त्यांनी सहाला मला लावलं, एकदा ओढलं आणि शिट्टी वाजवत गेल्या. साडेसातला जिन्यावर मास्तरांची पावलं वाजली. त्यांनी मला ओढलं. मग इकडेतिकडे बघितलं, आपली किल्ली काढली आणि मला उघडलं. नियम मोडून! पण मास्तर आपले, म्हणून मी मुकाट्यानं उघडलो.

ते आत गेले. सकाळी पाठवायच्या डब्या टेबलावर होत्या. त्यांनी दोन डब्या उघडल्या, दोन्ही कवळ्या दोन हातांत घेतल्या, खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ताडून बघितल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या. ओठ हलत होते. मग परत येऊन त्यांनी कवळ्या डब्यांत ठेवल्या. उजव्या हातातली डावीकडे, डाव्या हातातली उजवीकडे. मी बघितलं, मित्रांनो. डोळ्यांनी बघितलं आणि मनाला सांगितलं, छे, मास्तर कसे चुकतील!

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. एका निवृत्त पोस्टमन आजोबांच्या तोंडात कवळी अर्धी जाऊन अडकली होती. काढताना ओठ सोलवटले. आजोबांची कवळी तिकडे एका आजींच्या डबीत निघाली. त्या आजी दोन महिने पेजेवर होत्या आणि आज दात मिळणार म्हणून नवी साडी नेसून गेल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "कुलूप ह्या आठवड्यात कोणाचं?"

"माझं," ताई म्हणाल्या. "पण मी लावलं तेव्हा डब्या बरोबर होत्या."

"बरोबर होत्या म्हणे!" मास्तर खुर्चीवरून उठले. "सहा वाजले की तुमचं लक्ष जिन्यावर. शिट्ट्या मारत जाणाऱ्यांच्या हातून हे असंच व्हायचं!"

"मास्तर, सहा वर्षांत माझी एक तरी डबी चुकलीय का?"

"पकडली गेली नसेल."

ताईंचा चेहरा पडला. मीही कोयंड्यावरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, सापडली! हो, माहीत असूनही म्हणत होतो. सहा वर्षं संशय पोसला की तो माणसाचं काय, पितळेचंही डोकं फिरवतो.

"ताई, किल्ली द्या माझ्याकडे," डॉक्टरबाई जड आवाजात म्हणाल्या. "पुढचं उद्या बोलू." ताईंनी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

तेवढ्यात जिन्यावरून मास्तरीणबाई आल्या. "अहो, चष्मा घरी राहिला तुमचा. दुपारपर्यंत वाट बघितली. चष्म्याशिवाय काय बघताय तरी?" मग सगळ्यांचे चेहरे बघून त्या दारातच थांबल्या. "काय झालं?"

"काल संध्याकाळी सहानंतर दोन डब्यांची अदलाबदल झाली," डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"सहानंतर? मग ह्यांना विचारा की. हे काल आले होते वर."

"मी?" मास्तर म्हणाले. "काल?"

"नाहीतर काय मी? नुसतं बघून येतो म्हणालात आणि चांगली वीस मिनिटं लावलीत. खाली उभं राहून माझे पाय भरून आले. काल काय आणि परवा काय, रोजचंच आहे तुमचं."

मास्तर तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि हातांकडे बघितलं. हळूहळू खाली बसले.

"खिडकीपाशी," ते म्हणाले. "दोन्ही एकदम काढल्या मी. ताडून बघायला. रोज येतो बाई मी. रोज बघतो. कालचं कुठलं आणि परवाचं कुठलं, मला वेगळं सांगता येत नाही. डब्या मी बदलल्या."

मास्तर उठून ताईंसमोर उभे राहिले. "मोठ्यानं बोललो, तसं मोठ्यानंच सांगतो. चुकलो मी."

"मला राग आलाय, मास्तर," ताई म्हणाल्या. डोळे पुसत होत्या. "दोन दिवस तरी राहील. मग बघू."

मित्रांनो, त्या क्षणी कोणी मला पुसत असतं तर मी लाजून हातातून सुटलो असतो. संशय घेणं माझं काम आहे. पण मी तो कृती बघून घेतला नाही, माणूस बघून घेतला. ज्याचं हसू मला आवडलं नाही, त्याला मी चोर ठरवलं.

मास्तर म्हणाले, "बाई, अर्ज आजच मंजूर करा." डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिना म्हटलंय ना, मग महिनाच. अट एक. तुमचा आठवडा नसेल तेव्हा तुमची किल्ली माझ्याकडे." आणि ताईंची किल्ली त्यांनी तिथल्या तिथे ताईंच्या हातात परत ठेवली.

ताईंचा राग दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना त्यांनी हाक मारली, "मास्तर, या इकडे. जबडे मांडा ओळीत. आता प्रत्येकाचं उद्या काय करायचं ते लिहा."

म्हणजे ती गुपितं ही होती! मी कान टवकारले. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: 'उद्या, खालची हिरडी, मेण कमी करणे.' बस्स, एवढंच. सहा वर्षं मी ह्यात कट शोधत होतो.

"असं लिहून काम संपतं होय?" मास्तर कुरकुरले.

"संपत नाही. किती आहे ते कळतं."

"आणि घरी आठवलं तर?"

"आठवतं की! भाजी चिरताना हमखास आठवतं. मग म्हणते, ते चिठ्ठीवर आहे, आणि पुढची भाजी चिरते."

"चिठ्ठीवर नसलं तर?"

"तर सकाळी आठवेल. दात आहेत मास्तर, पळून कुठे जातायत? चला, हात धुवा. कोपरापर्यंत. कानही धुवा."

मास्तरांचा विश्वास नव्हता. मला तर मुळीच नव्हता. हात धुतल्यानं वाकडा जबडा सरळ होतो का? पहिल्या आठवड्यात ते साडेसातला आलेच. किल्ली नव्हती, मग मला नुसतेच ओढत उभे राहिले. खालून मास्तरीणबाई ओरडल्या, "दार पडलं का?" "नाही!" "मग या खाली!" दुसऱ्या आठवड्यात कुलूप त्यांचं होतं. एका संध्याकाळी त्यांनी मला दोनदाच ओढलं. मला वाटलं, बरं नसेल. मग एकदाच ओढलं. मला वाटलं, नवीन कुलूप बघून ठेवलंय वाटतं कुठेतरी. तिसऱ्या आठवड्यात साडेसातला खालून पावलं वाजली, बायकोची, त्यांची आणि एक छोटी पावलं, आणि ती तशीच पुढे गेली. नात काहीतरी सांगत होती आणि मास्तर विचारत होते, "मग? मग काय झालं?" मी बराच वेळ वाट बघितली. ते परत आले नाहीत.

महिना संपला. डॉक्टरबाईंनी खणातून अर्ज काढला. "बोला मास्तर. काय करू ह्याचं?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "बाई, काम फार होतं म्हणून लिहिला होता. तुम्ही गुपचूप कमी केलंत, तेव्हा आता काय? राहतो मी."

"कमी? मी कुठे कमी केलं?"

"आता लपवू नका. मला कळत नाही का? निम्म्यावर आलंय. सोपी सोपी देताय मला. ताईंच्या गळ्यात घातलंत की काय सगळं?"

"मास्तर, गेल्या महिन्यात तुमच्या चौपन्न कवळ्या झाल्या. ह्या महिन्यात एकसष्ट."

"शक्यच नाही! काहीतरी गफलत आहे." त्यांनी संशयानं आधी डॉक्टरबाईंकडे, मग ताईंकडे बघितलं. पाठवलेल्या प्रत्येक डबीची पावती ते तारेत ओवून ठेवायचे, त्या पावत्या खाली काढल्या आणि बोट लावून मोजल्या. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकसष्ट. वाकडे जबडेही तितकेच, उलट दोन जास्तच.

मास्तर तार हातात धरून बसून राहिले. "मग ते एवढं ओझं होतं," त्यांनी हळूच विचारलं, "ते कसलं होतं?"

ताईंनी फक्त घड्याळाकडे बोट केलं. सहाला दहा कमी होते. मास्तरांनी डॉक्टरबाईंच्या हातातला अर्ज घेतला. मला वाटलं, आता फाडणार. पण त्यांनी तो उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'उद्या, वरचा जबडा, डावी दाढ केसभर उंच, घासणे,' त्याची नीट घडी करून जबड्याखाली सरकवली आणि बाह्या सारून नळाकडे गेले.

मित्रांनो, कुलपांना अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या, पावसात भिजलो तर पुसा, आणि मोडीत टाकण्याआधी एकदा विचारा. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरी आई, बाबा, आजोबा, काकू, कोणीही कामावरून आलं, तर दारात उभे राहून माझ्यासारखं जरा संशयानं बघा. बाहीवर काय आहे, खिशात काय आहे, डोळे कुठे आहेत. थोडं माणूस मागेच राहिलं असेल तर रागावू नका. साबण हातात द्या, तुमच्या दिवसातली एखादी गंमत सांगा आणि थांबा. अख्खं माणूस आत आल्याशिवाय दार लावू नका.